लॉकडाऊनमध्ये घरी परत आलेली कॉलेजची मुलं आणि आईवडील, नक्की कशावरून बिघडलं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "2020 ला मी पुण्यात एसवायला, म्हणजे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेल रिकामं करायला लावलं म्हणून लातूर जिल्ह्यात गावी आले आणि जवळजवळ दीड वर्ष तिथेच राहिले. त्या काळात बाबांशी सतत भांडणं झाली, मोबाईलवरून, झोपेवरून, कशावरूनही. आता नोकरी आहे, वेगळ्या शहरात राहते, पण घरी फोन केला की बाबांशी दोन वाक्यांपुढे बोलणं जात नाही. सगळ्यांच्याच घरी असं झालं का आमचंच काही चुकलं? आणि आता काय करता येईल?"

मी पुण्यात कॉलेजच्या मुलामुलींसाठी समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करतेय. 2020-21 मध्ये माझं सगळं काम फोनवरच चालायचं, आणि मुलं फोन करायची ती गच्चीवरून, गोठ्यातून, शेताच्या बांधावरून, कारण घरात बसून घरच्यांबद्दल बोलणार कसं. मुलांनी परवानगी दिली की कधी कधी त्यांच्या आईवडिलांशीही बोलायचे, त्यामुळे दोन्ही बाजू कानावर आल्यात. जे सांगतेय ते त्या अनुभवावरून. वयाने तू माझ्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांएवढीच आहेस म्हणून तुला तू म्हणते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, तुमच्या एकट्यांच्या घरात नाही झालं हे. ज्या मुलांचे फोन यायचे त्यात आईवडिलांशी भांडण हा विषय परीक्षेच्या टेन्शनपेक्षाही जास्त वेळा निघायचा. आणि जवळपास प्रत्येक घरात भांडणाला नाव मोबाईलचं असायचं. वडील म्हणायचे दिवसभर मोबाईल, मुलगी म्हणायची लेक्चर त्याच्यावरच आहे तर काय करू. पण थोडं खोलात बोललं की मोबाईल बाजूला पडायचा आणि वेगळंच काहीतरी निघायचं. बहुतेक वेळा पैसा. ज्याबद्दल घरात कोणी कोणाशी बोलतच नव्हतं. त्यावर येते, पण आधी तू घरी आलीस ते दिवस आठव, कारण माझ्या मते गाठ तिथूनच पडायला सुरुवात झाली.

मार्च 2020 च्या मध्याला कॉलेजं बंद झाली ती 31 मार्चपर्यंत असं सांगून. त्यामुळे मुलं निघाली ती एका सॅकवर, दोन-चार ड्रेस, चार्जर, फार तर एखादं जर्नल. पुस्तकं, नोट्स, काहींचे लॅपटॉपसुद्धा रूमवर राहिले. मग 22 तारखेचा जनता कर्फ्यू, 25 पासून लॉकडाऊन, आधी एकवीस दिवस, मग 3 मे, मग 17 मे, मग 31 मे. जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला रद्द झाला, दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी एसटी 20 ऑगस्टला सुरू झाली. म्हणजे पाच महिने पुस्तकं पुण्यात आणि विद्यार्थी गावात. बरेच जण जेव्हा सामान आणायला गेले तेव्हा पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीत कपड्यांना आणि पुस्तकांना बुरशी आली होती, आणि वर घरमालक बंद खोलीचं भाडं मागत होता.

आणि गावात स्वागत कसं झालं? पुण्या-मुंबईहून आलेला माणूस म्हणजे रोग घेऊन आलेला, असंच बघायचे तेव्हा. वेशीवर दगड, बाभळीच्या फांद्या टाकून रस्ते बंद केलेले. कोणाला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं, कोणाला घरातच पण मागच्या खोलीत, ताट-तांब्या वेगळा. आता हे आईवडिलांनी केलं ते घरात सत्तरीचे आजी-आजोबा होते म्हणून, गावातले लोक रोज येऊन विचारत होते म्हणून, यात चूक काही नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्याच आईने उंबऱ्याच्या अलीकडे ताट सरकवलं हे लागतं. फार लागतं. मला कित्येक मुलांनी हे सहा-आठ महिन्यांनी सांगितलं, सुरुवातीला नाही, सुरुवातीला ते मोबाईलच्या भांडणाबद्दलच बोलायचे. तुझ्या बाबतीत असं काही झालं का ते तू लिहिलं नाहीस, पण झालं असेल तर ते क्षुल्लक समजून सोडून देऊ नकोस.

दुसरं म्हणजे तू घर सोडलंस तेव्हा बारावीची मुलगी होतीस आणि परत आलीस तेव्हा दोन वर्षं स्वतःचं स्वतः बघणारी झाली होतीस. मेस बदलायची का, रात्री किती वाजता झोपायचं, कोणाबरोबर चहाला जायचं, सगळं तुझं तू ठरवत होतीस. घरात मात्र तुझी जागा होती ती बारावीतल्या मुलीचीच, त्यांनी तुला दोन वर्षांत दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत बघितलेलं, आणि सुट्टीत मुलगी दोन वाजेपर्यंत झोपली तरी आई कौतुकाने म्हणते झोपू दे, दमलीय. तीच मुलगी पंधराव्या दिवशी दोन वाजेपर्यंत झोपली की आळशी ठरते. सुट्टीचे नियम आणि रोजचे नियम यातला हा बदल कोणी बोलून केलाच नाही, तो आपोआप झाला आणि दोन्हीकडच्यांना वाटलं समोरचा बदललाय.

झोपेचं जरा सविस्तर सांगते कारण वडीलमंडळींना हे समजावताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेलाय. रात्री दोन-तीनपर्यंत जागणं हा माज नव्हता. दिवसभर हॉलमध्ये टीव्ही, आणि त्या एप्रिलमध्ये तर दूरदर्शनवर रामायण परत लागलेलं, आजोबा, येणारे-जाणारे, धाकट्याची ऑनलाईन शाळा, एक पंखा, एक चार्जिंगचा पॉइंट. लेक्चर चालू असताना मागून कुकरची शिट्टी, कोणीतरी म्हणतंय भाजी निवडायला घे. हॉस्टेलमध्ये निदान आपली कॉट आपली असते. घरात कोणाचंच लक्ष नाही असा तास फक्त रात्री मिळायचा, रात्र म्हणजेच त्या मुलांची खोली होती. शिवाय खेड्यात नेटही रात्री बरं चालायचं, मित्रांशी बोलता यायचं. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला मात्र दिसायचं ते एवढंच की सूर्य डोक्यावर आला तरी पोरगी अंथरुणात आहे. हे मी एका वडिलांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी वरच्या माळ्यावरची धान्याची पोती हलवून मुलाला दिवसा दोन तास ती जागा दिली, दार लोटायचं आणि कोणी हाक मारायची नाही असं ठरवून. झोप महिन्याभरात बरीच जागेवर आली. त्यासाठी ना उपदेश करावा लागला ना मोबाईल काढून घ्यावा लागला. शहरात वन बीएचकेमध्ये राहणाऱ्यांना ते शक्य नव्हतं, तिथे काही घरांनी वेळेची वाटणी केली, आतली खोली सकाळी आईच्या ऑफिसला, दुपारी मुलीच्या लेक्चरला.

नेटवर्कचे हाल तर विचारूच नको. 2017-18 च्या सरकारी सर्वेक्षणात देशातल्या साधारण 24 टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती आणि कॉम्प्युटर 11 टक्क्यांच्या आसपास, आणि या भरवशावर सगळं शिक्षण ऑनलाईन गेलं. घरात स्मार्टफोन एक, शिकणारे तीन, आणि वडील शेतात जाताना तोच फोन घेऊन जाणार. कोकणातल्या मुलांवर तर 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली त्या भागात कित्येक गावांत कितीतरी आठवडे वीज नव्हती, आणि इकडे कॉलेजच्या ग्रुपवर हजेरीचे मेसेज पडत होते. ती मुलं वडिलांबरोबर पडलेल्या नारळी-पोफळी बाजूला करत होती, घरावर कौलं चढवत होती. मला आठवतंय त्या मुलांच्या घरी त्या दिवसांत भांडणं जवळजवळ नव्हतीच, कारण काम समोर दिसत होतं आणि बापलेक खांद्याला खांदा लावून ते करत होते. वाद सुरू झाले ते वीज आल्यावर.

आता पैशाचं. त्या वर्षी किती घरात काय चाललं होतं ते मुलांना माहितच नव्हतं. द्राक्षवाल्यांचं बघ, मार्च-एप्रिल म्हणजे नाशिक-सांगलीकडे तोडणीचा काळ, व्यापारी येईनात, मजूर नाहीत, मार्केट आज चालू उद्या बंद, मग मिळेल त्या भावाने माल दिला नाहीतर बेदाणा केला. फुलवाल्यांची फुलं तर शेतातच गेली, देवळं बंद, लग्नं बंद. सलून, वडापची जीप, मंडपवाले, झेरॉक्सची दुकानं, खाजगी क्लासेस, ज्यांचा धंदा रोजच्या गल्ल्यावर त्यांचा गल्लाच बंद. काही पगारदारांचे पगार अर्धे झाले. आणि आपल्याकडे बाप हे मुलांना सांगत नाही, त्याला वाटतं पोरांनी टेन्शन घेऊ नये, अभ्यास करावा. मग तो काय बोलतो? तो बोलतो, रिचार्जला पैसे झाडाला लागतात का. दिवसभर मोबाईल. घरी बसून खायचंय नुसतं. पोरगी ऐकते ते असं की मी यांना जड झालेय.

आणि मुलीच्या बाजूनेही लपवालपवी चाललेली असायची. कॉलेजने पूर्ण फी मागितलेला मेसेज आलाय, रूमचं भाडं थकलंय, मेसचा ॲडव्हान्स परत मिळत नाही, हे ती घरी सांगत नाही कारण बाबा आधीच चिडलेले. मित्रांकडून उसने घेते, नाहीतर विषय निघेल म्हणून बाबांसमोर जायचंच टाळते. दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प, आणि त्या गप्प बसण्याचाच दोघांना त्रास. माझा अनुभव अगदी पक्का आहे की ज्या घरात वडिलांनी एक दिवस बसून आकडे सांगितले, महिन्याला एवढे यायचे आता एवढे येतात, सोसायटीचा हप्ता एवढा आहे, हातात एवढे आहेत, त्या घरातला ताण दोन-तीन आठवड्यांत उतरला. परिस्थिती तीच होती, पैसे काही वाढले नव्हते, पण बाबांचा राग कशाचा आहे ते मुलांना कळलं आणि आपल्यावर नाही हेही कळलं. बरीच मुलं त्यानंतर स्वतःहून कामाला लागली, भाजीची गाडी लावली, दुसऱ्याच्या द्राक्षबागेत गेली, काही रोजगार हमीवर गेली, तेव्हा महाराष्ट्रात 238 रुपये रोज होता. त्यातली काही परत कॉलेजला आलीच नाहीत, त्याचं वाईट वाटतं आणि अजूनही वाटतं. पण घरात त्यांची किंमत वाढली होती हे खरं.

मुलींना मात्र कामाला लावायला कोणाला आकडे सांगावे लागले नाहीत. कामवाली बंद झाली, घरात माणसं वाढली, की भांडी-भाकरी आपोआप मुलीकडे आली, भाऊ त्याच वर्षाला असला तरी. कानात इअरफोन घालून पोळ्या लाटता लाटता लेक्चर ऐकलेल्या मुली मला माहीत आहेत आणि त्यांना नंतर विचारलं जायचं की मार्क कमी का पडले. त्यात स्थळं यायला लागली. पन्नास माणसांत लग्न, म्हणजे मंडप नाही, जेवणावळी नाही, खर्च वाचतोय, उरकून टाकू, असं नातेवाईक अगदी मायेने सुचवायचे. ज्या मुलींनी बापाशी समोरासमोर भांडून नाही म्हटलं त्यांचं फारसं ऐकलं गेलं नाही, ज्यांनी आधी आईला किंवा आत्याला, मामाला विश्वासात घेतलं आणि "डिग्रीचं सर्टिफिकेट हातात येऊ दे, मग बघू" एवढीच मुदत मागितली त्यांची बहुतेकींची सुटका झाली. तुझी भांडणं यावरून होती का ते मला माहीत नाही, पण लातूरकडच्या ज्या मुलींशी माझं बोलणं झालं त्यात हा विषय निघाला नाही असं क्वचितच झालं.

परीक्षेच्या गोंधळाने तर आगीत तेल ओतलं. राज्य सरकार म्हणतंय शेवटच्या वर्षाची परीक्षा नाही, 6 जुलैला यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणतो झालीच पाहिजे, प्रकरण सुप्रीम कोर्टात, 28 ऑगस्टला निकाल की परीक्षा घ्यावीच लागेल, आणि मग ऑक्टोबरमध्ये घरी बसून एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न. तुझ्यासारख्या एसवायवाल्यांना निम्मे मार्क इंटर्नलचे आणि निम्मे आधीच्या सेमिस्टरवरून देऊन पुढे ढकललं. यात पोरांनी अभ्यास कुठला आणि किती करायचा? आणि बाप रोज बातम्या बघून विचारतोय, झाली का रद्द? मग तू करतेस काय दिवसभर? याचं उत्तर मुलीकडे नव्हतं, कॉलेजकडेही नव्हतं. वर "कोरोना बॅच" हा शिक्का. तुमच्या बॅचने त्या गोंधळात डिग्री पूर्ण केली याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तुम्हाला तो फारसा कोणी दाखवला नाही.

दुसऱ्या लाटेबद्दल थोडंच लिहिते. एप्रिल-मे 2021 मध्ये माझ्या ओळखीतली मुलं बेड शोधत होती, रेमडेसिव्हिरसाठी रांगेत रात्र काढत होती, ऑक्सिजनचे सिलिंडर मोटरसायकलवर बांधून आणत होती, कारण घरात इंटरनेट आणि फोनाफोनी जमणारं माणूस तेच होतं. काहींचे वडील गेले, आणि आदल्या महिन्यातलं भांडण तसंच राहिलं. त्यांच्याशी मी सल्ल्याचं काही बोलले नाही, फक्त ऐकत राहिले, वर्षभर. त्यांच्याकडून मला जे कळलं ते तुझ्या उपयोगाचं आहे. त्यातल्या जवळजवळ कोणालाच माफी मागायची राहिली याची खंत नव्हती, खंत होती ती बाबांना त्या वर्षी काय वाटत होतं ते कधी विचारलंच नाही याची.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. "बाबा आपण एकदा बसून मोकळं बोलू" असं अजिबात म्हणू नकोस. त्या पिढीच्या माणसाला बसवलं की तो हजेरी घेतल्यासारखा बसतो आणि मग एकतर चिडतो नाहीतर विषय बदलतो. त्याऐवजी अगदी साधी, माहितीची गोष्ट विचार. त्या वर्षी सोयाबीन कितीला गेलं होतं? दुकान बंद होतं तेव्हा पैसे कुठून आणले होते? माझ्या फीचं कसं जमवलं? व्यवहाराचा प्रश्न असला की त्यांना उत्तर देता येतं, आणि उत्तर देता देता बाकीचं आपोआप येतं. हे शेतात जाताना, गाडीवर, बाजाराला जाताना विचार, समोरासमोर बसून नाही, एकमेकांच्या तोंडाकडे न बघता बोलताना पुरुषमाणसं जास्त बोलतात हे मी कितीतरी वेळा बघितलंय. ते सांगत असतील तेव्हा मध्ये "मला का नाही सांगितलं" असं म्हणू नकोस, तो प्रश्न खरा आहे पण तो दुसऱ्या खेपेला.

मग कधीतरी तुझी बाजू. तीही एकच गोष्ट आणि नेमकी. "तुम्ही माझ्याशी कायम वाईट वागलात" हे कोणताही बाप नाकारेल, पण "मी आले तेव्हा मागच्या खोलीत एकटं जेवताना मला रडू यायचं" याला कोणी नाही म्हणू शकत नाही. एवढं सांगून थांब, त्यांनी लगेच काही म्हणावं ही अपेक्षा ठेवू नकोस. बरेच वडील काहीच बोलत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या आवडीचं काहीतरी बाजारातून घेऊन येतात. तेच त्यांचं उत्तर समज. फोनचं म्हणशील तर दोन वाक्यांचा फोन आत्ता दोनच वाक्यांचा राहू दे, पण त्यातलं एक वाक्य त्यांच्या कामाबद्दल असू दे, पाऊस झाला का, फवारणी झाली का, उधारी वसूल झाली का, आणि तुझ्याकडचाही एखादा आकडा सांग, भाडं किती, पगारातून किती उरतात. पैशाबद्दल तू मोकळी झालीस की तेही होतात. आईला मध्ये घालून निरोप पाठवणं हळूहळू बंद कर, त्या दीड वर्षात बहुतेक आयांनी तेच केलं आणि त्यांची फार ओढाताण झाली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हे सगळं चिडचिड, टोमणे, अबोला अशा भांडणांसाठी आहे. घरात मारहाण होत असेल, शिक्षण तोडलं असेल, जबरदस्तीने लग्न लावायचा प्रयत्न झाला असेल तर संबंध जोडायची जबाबदारी तुझ्यावर नाही, आणि कोणी नातेवाईक तशी टाकत असेल तर घेऊ नकोस. तसंच घरी जायचं म्हटलं की छातीत धडधडतं, झोप उडते, त्या दिवसांचं आठवून अचानक रडू येतं असं अजूनही होत असेल तर आधी स्वतःसाठी कोणाशी तरी बोल, 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बाबांशी बोलणं त्यानंतरही होईल, आणि पुढच्या सुट्टीत चार दिवसांसाठी घरी जाणार असशील तर पहिल्या दिवशी विषय काढू नकोस, निघायच्या दिवशीही नको, मधल्या एखाद्या सकाळी त्यांच्याबरोबर लवकर उठून बाहेर पड आणि सोयाबीनच्या भावापासून सुरुवात कर.